अक्काबाईची महालक्ष्मी कशी झाली? वऱ्हाडातल्या दोन बहिणींची गोष्ट

भाद्रपद लागला की अमरावती, अकोल्याच्या बाजारात महालक्ष्मीचे मुखवटे दिसू लागतात. ते जोडीनेच विकले जातात. एक ज्येष्ठा, दुसरी कनिष्ठा. दोन्ही चेहऱ्यांत डावं-उजवं शोधूनही सापडत नाही. पुराणातली थोरली बहीण मात्र कुरूप आणि अवलक्षणी आहे. मग वऱ्हाडातल्या घरात ज्येष्ठा धाकटीच्या शेजारी, तिच्या बरोबरीच्या मानाने कशी बसते?

पुराणात काय आहे?

समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी तिची मोठी बहीण बाहेर आली. तीच ज्येष्ठा ऊर्फ अलक्ष्मी. पद्मपुराणातल्या कथेनुसार, विष्णूने लग्नाची इच्छा सांगताच लक्ष्मीने अट घातली: थोरली बिनलग्नाची असताना धाकटीचं कसं होणार? मग ज्येष्ठेचं लग्न उद्दालक ऋषींशी लावण्यात आलं. तिला भांडणाची, अस्वच्छ घरं आवडतात हे कळल्यावर उद्दालक तिला पिंपळाखाली बसवून निघून गेले. तिचं रडणं ऐकून लक्ष्मी विष्णूसह तिथे आली. दर शनिवारी लक्ष्मी त्या पिंपळापाशी बहिणीला भेटायला येते, अशी समजूत आहे.

मराठी बोलीतही ही बहीण आहे. घराला दारिद्र्य आलं की आपण 'अक्काबाईचा फेरा आला' म्हणतो. अक्का म्हणजे थोरली बहीण. लक्ष्मीची अक्का म्हणून ती अक्काबाई.

कहाणी काय सांगते?

ज्येष्ठागौरीच्या मराठी कहाणीत चित्र उलटं होतं. आटपाट नगरातल्या गरीब ब्राह्मणाच्या मुलांना घरी गौर हवी असते, पण घरात दाणा नसतो. निराश बाप तळ्याकडे निघतो. वाटेत भेटलेली एक म्हातारी त्याची समजूत घालते. तो तिला घरी नेतो आणि बायकोला सांगतो, आजी आली आहे. ती तिची सोय बघायला लागते, तर रिकामं मडकं भरलेलं सापडतं. पुढे दारात गाईगुरं येतात. निरोपाच्या वेळी म्हातारी सांगते, ज्येष्ठागौर ती मीच.

पुराणात जिच्या पावलाने दारिद्र्य येतं, त्याच नावाची थोरली इथे गरिबाचं घर भरते. तिचं रूप सुरकुतलेलंच असतं. बदलते ती बघणाऱ्यांची नजर.

वऱ्हाडात काय होतं?

अभ्यासक आणि पंचांग या सणाच्या नावाचा संबंध नक्षत्राशी जोडतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असे हे तीन दिवस. पुण्याकडे गौरी म्हणतात, विदर्भात महालक्ष्मी. दाराशी पावलं काढून दोघींना आत आणतात. दोघींना साड्या-दागिने, पुढ्यात बाळं, वर फुलोरा. पुरणपोळी, ज्वारीची आंबील आणि सोळा भाज्यांचा नैवेद्यही दोघींना. थोरलीला मागे बसवलं, असं कुठल्याच घरात दिसत नाही.

बाहेरच्या परीकथांत बहिणी कशा?

तिकडे बऱ्याचदा बहिणी एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या सिंड्रेलामध्ये सावत्र बहिणी दिसायला सुंदर आहेत, मनाने मात्र दुष्ट. पुढे रंगभूमीवर आणि पडद्यावर त्या कुरूपच झाल्या. कुरूप म्हणजे वाईट, हे समीकरण सोपं जातं. अलीकडे ते बदलतंय. अँडरसनच्या १८४४ मधल्या 'हिमराणी'वरून स्फुरलेल्या 'फ्रोझन' या २०१३ च्या चित्रपटात नायिका वाचवते ती बहिणीला, आणि राजपुत्र बाजूला पडतो.

मग आज याचा संबंध काय?

आजही स्थळ पाहायला येणार म्हटलं की काही घरांत धाकटीला शेजारी पाठवतात. कारण ती उजळ आणि थोरली सावळी. पाहुण्यांनी तिलाच पसंत केलं तर? जाहिरातींत 'गोरी' शब्द अजून सापडतो. एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातून 'फेअर' काढलं, पण घरातली तुलना नाव बदलून जात नाही.

पुराणातल्या लक्ष्मीने अक्काला मागे टाकलं नाही, हे खरं. तरी लग्न लावून दिल्याने ज्येष्ठेला घर मिळालं नाही. कहाणीतल्या कुटुंबाने तिला रूप न विचारता घरात घेतलं, तेव्हा ते मिळालं. वऱ्हाडातल्या आया-आज्या दरवर्षी तीन दिवस हेच करतात. मुखवटे पेटीत परत गेल्यावर त्याच घरातल्या दोन लेकींना हा मान उरलेलं वर्षभर मिळतो का, एवढंच पाहायचं.