शस्त्रक्रियेतील मोजदाद

तंजावरचे सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी नेत्ररोग्यांवरील उपचारांच्या सचित्र नोंदी करवून घेतल्या होत्या. वैद्याने केवळ स्मरणावर विसंबू नये, हे तत्त्व आजच्या शस्त्रक्रियागृहासही लागू पडते.

शस्त्रक्रियेत रक्त टिपण्यासाठी सुती गॉझच्या घड्या वापरतात. रक्ताने भिजलेली घडी आतड्यांच्या वेटोळ्यांत सहज दिसेनाशी होते. आत राहिलेले सूत विरघळत नाही. शरीर त्याभोवती तंतुमय वेष्टन निर्माण करते, आणि अशी घडी कित्येक वर्षे लक्षातही येत नाही. जंतुसंसर्ग झाल्यास मात्र पू होऊन जिवावर बेतते. तेव्हाच्या औरंगाबादेतील शासकीय रुग्णालयात १९६३ साली संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेत एका बाळंतिणीच्या पोटात अशी घडी राहिली. पोट पुन्हा उघडून ती काढली, तरी रुग्णा दगावली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने या निष्काळजीपणाबद्दल राज्य शासनास जबाबदार धरले.

यावरील उपाय साधा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी, पोट शिवण्यापूर्वी आणि त्वचेस टाके घालण्यापूर्वी दोघांनी मिळून घड्या मोठ्याने मोजाव्यात व आकडा फळ्यावर लिहावा. एक जरी कमी भरली, तरी शोध घ्यावा. घडीत बेरियम सल्फेटयुक्त धागा विणलेला असल्यास ती क्ष-किरण चित्रात उमटते. परंतु चुकलेली मोजणी बरोबर भासली, तर शोध घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. म्हणूनच तातडीच्या व दीर्घ शस्त्रक्रियांत, जेथे घाई आणि थकवा अधिक, तेथे मोजदाद अधिक काटेकोर असावी लागते.