पाहुणचाराची वास्तू : वर्ध्याच्या मातीतला हिशेब

वर्धा शहरातील बजाजवाडी हे एके काळी देशभरातील नेत्यांचे उतरण्याचे ठिकाण होते. कापसाच्या व्यापारातील नामांकित गृहस्थ जमनालाल बजाज यांचा तो पाहुणचार होता. १९३६ मध्ये महात्मा गांधी जवळच्या शेगाव या खेड्यात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास गेले. तेथील जमीन जमनालालजींची, पण घराविषयीच्या अटी गांधीजींच्या होत्या. खर्च १०० रुपयांच्या वर जाऊ नये, साहित्य परिसरातले असावे आणि काम गावच्या कारागिरांनी करावे.

आज या अटींची आठवण व्हावी असे कारण घडले आहे. २०१४ मध्ये बोर अभयारण्य व्याघ्रप्रकल्प झाले. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि तो याच जिल्ह्यातून जातो. त्यामुळे अनेक व्यापारी कुटुंबांत शेतजमिनीवर रिसॉर्ट उभारण्याचा विचार होऊ लागला आहे. त्या वेळी पुढ्यात येतो तो महानगरातील नमुना : काचेची दर्शनी भिंत, सपाट स्लॅब आणि प्रत्येक खोलीत वातानुकूलन.

येथेच हिशेब चुकण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर वन्यप्राणी हमखास दिसतात, म्हणून जंगलाचा पर्यटक एप्रिल-मे महिन्यांत अधिक येतो. वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो तोही याच दिवसांत. पावसाळ्यात जंगलाचे गाभा क्षेत्र बंद असते. म्हणजे कमाईचा हंगाम आणि विजेच्या सर्वाधिक बिलाचा हंगाम एकच, आणि कर्जाचे व्याज मात्र बारमाही. पश्चिमेच्या उन्हात तापलेली काच थंड करण्यात नफ्याचा मोठा वाटा खर्ची पडतो.

सेवाग्रामची बापूकुटी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. बांबू आणि मातीच्या भिंती, कवेलूंचे उतरते छप्पर, उन्हाला भिंतीपासून दूर ठेवणारी पडवी, सारवलेली जमीन. आणि शोभा म्हणून मीराबेन यांनी भिंतीवर मातीतच उठविलेली ताडाची झाडे. साधेपणा असूनही स्नानगृहाची आणि स्वच्छतेची सोय तेथे नेटकी आहे. जगभरातील रिसॉर्टचे वास्तुरचनाकार आज स्थानिक साहित्य, नैसर्गिक गारवा आणि कमी सामान यांचा पुरस्कार करतात. वर्ध्यात मात्र हे नव्वद वर्षांपूर्वीच वापरात होते.

अर्थात मातीचे घर फुकट टिकत नाही. दरवर्षी लिंपण करावे लागते, बांबूला वाळवीपासून जपावे लागते आणि कवेलू चाळणारे कुशल हात आता दुर्मीळ झाले आहेत. म्हणून सिमेंटच्या भिंतीला मातीचा रंग देऊन देखावा करण्यापेक्षा तत्त्व घेणे श्रेयस्कर. इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे ठेवाव्यात. पश्चिमेस कोठीघर व न्हाणीघर यावे. पाया दगडी, भिंती जाड आणि वळचण लांब असावी. दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावावेत. जंगलाच्या बाजूचे दिवे मंद आणि जमिनीकडे झुकलेले असावेत. पोहण्याच्या तलावाआधी पावसाचे पाणी साठविण्याच्या टाकीचा आराखडा व्हावा. वर्ध्यातच १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने स्थानिक साहित्याच्या घरबांधणीचे प्रयोग केले आहेत. वास्तुविशारद नेमण्यापूर्वी ते पाहून यावेत.

व्यापारी माणूस मालाची खरेदी करताना केवळ भाव पाहत नाही, घटही पाहतो. इमारतीची घट म्हणजे तिची वीज, पाणी आणि डागडुजी. बांधकामाच्या अंदाजपत्रकाशेजारी या तिन्हींचा दहा वर्षांचा खर्च मांडला, तर कोणता नकाशा स्वस्त हे आपोआप कळते. मे महिन्याच्या दुपारी जंगलातून परतलेल्या पाहुण्याला पडवीत पाय ठेवताच गारवा लाभला, तर त्याला दर्शनी भिंतीतील काचेची उणीव जाणवणार नाही.