अनाहूत कारकून

संस्कृत साहित्यांत अन्योक्ति नांवाचा एक प्रकार आहे. बोलावयाचें एकास आणि लागावयाचें दुसऱ्यास, हें त्याचें वर्म. आपल्या घरांतून यालाच ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतात. पंडितराज जगन्नाथानें ‘भामिनीविलासा’च्या आरंभीं सिंह, हंस, भ्रमर यांच्या निमित्तानें जें सुनावलें तें कोणास झोंबावें, हें त्याच्या काळच्या दरबारी मंडळींस समजावून सांगावें लागलें नसेल. बलवानाशीं उघड वाद घालूं जावें तर तो आपणांस जुनाट ठरवून मोकळा होतो. अन्योक्तीनें निदान मुद्दा जागेवर राहतो. हल्लीं रोजच्या वापराच्या वस्तूंत कृत्रिम बुद्धिमत्ता कोणीं न मागतां घातलेली असते. तिजविषयीं आम्हीही एक अन्योक्तिच सांगूं इच्छितों.

एक कुटुंब तीस वर्षें एकाच पेढीवरून धान्य भरीत असे. एके सकाळीं पोत्यांबरोबर एक टापटिपीचा तरुण आंत आला आणि माजघरांतल्या झोपाळ्यावर बसला. “मी पेढीचा कारकून. आजपासून येथेंच राहणार.”

“तुम्हांस बोलाविलें कोणीं?” आजोबांनीं विचारलें.

“कोणीं नाहीं. परंतु आपणांस माझी गरज आहे, असें पेढीस वाटतें.”

सूनबाईंनीं ‘आज भाजी’ एवढें म्हटलें कीं हा ‘वांग्याची’ म्हणून वाक्य पुरें करी. सासरीं गेलेल्या लेकीचें पत्र आलें, आजोबा चष्मा पुसताहेत तोंच यानें तें वाचून सारांश सांगितला, “ताई खुशाल आहेत.” पत्राच्या शेवटीं ‘येथें करमत नाहीं, दादाला एकदां पाठवा’ अशी ओळ होती, ती सारांशांत बसली नाहीं. धाकटा नातू पाटी घेऊन बसला, तर ‘बाळ, त्रास कशाला घेतोस?’ म्हणून यानें पेन्सिल काढून घेतली. महिनाअखेर बिल पाहतात तों रक्कम वाढलेली! चौकशी करतां उत्तर आलें, “कारकुनाचा पगार.” आम्हांस तो नको, असें कळविलें. “फार तर तो दाराआड उभा राहील, घराबाहेर जाणार नाहीं.” शेवटीं आजोबा खातें बंद करावयास निघाले, तेव्हां मुनीम हळूच म्हणाले, “कारकुनावांचूनचा जुना दरही आहे बरें का!”

यांत आम्हीं पदरचें फारसें कांहीं घातलेलें नाहीं. शेवटचा प्रसंग मायक्रोसॉफ्ट कंपनीचा. वर्ड, एक्सेल इत्यादींच्या घरगुती वर्गणींत तिनें २०२४-२५ मध्यें ‘कोपायलट’ नांवाचा सहायक घातला आणि अनेक देशांत दर वाढविला. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगानें ऑक्टोबर २०२५ मध्यें तिजवर फिर्याद केली. आरोप असा कीं, कोपायलटविरहित जुनी वर्गणी जुन्याच दरानें मिळते हें सुमारें २७ लाख ग्राहकांस सांगितलेंच नाहीं. वर्गणी रद्द करावयास लागल्यावरच तो पर्याय दिसे. पुढच्याच महिन्यांत कंपनीनें क्षमा मागितली व वाढीव पैसे परत देऊं केले. आवळा देऊन कोहळा काढण्याची रीत जुनीच. येथें आवळाही कोणीं मागितला नव्हता.

सारांशाची गोष्ट ॲपलची. डिसेंबर २०२४ मध्यें आयफोननें बातम्यांचा आपणच सारांश करून, अमेरिकेंतील एका आरोपीनें स्वतःवर गोळी झाडली असें बीबीसीच्या नांवावर दाखविलें. तसें कांहीं घडलेंच नव्हतें. बीबीसीनें तक्रार केली आणि जानेवारी २०२५ मध्यें बातम्यांचे सारांश कंपनीस थांबवावे लागले.

दाराआडचा कारकून तर आपणां बहुतेकांच्या खिशांत आहे. व्हॉट्सॲपवर मेटाच्या कृत्रिम बुद्धीचें तें रंगीत वर्तुळ भारतांत जून २०२४ पासून दिसूं लागलें. एप्रिल २०२५ मध्यें कंपनीनें सांगितलें कीं त्याचा वापर सर्वस्वीं ऐच्छिक आहे. वर्तुळ मात्र काढतां येत नव्हतें. इटलीच्या स्पर्धा-नियामकानें जुलै २०२५ मध्यें याबद्दल चौकशी आरंभिली. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण आमच्याच ज्ञातीवर आहे आणि ती आम्हीं हंसत सोसली. पण त्या भटास ओसरी निदान कोणीं दिली तरी होती.

यंत्र निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. दृष्टि अधू झालेल्यास तें छापील मजकूर वाचून दाखवितें, चित्रांत काय आहे तें सांगतें. तो मनुष्य त्यास स्वतः हांक मारतो, एवढा भेद पुरेसा आहे.

आम्हांस खरी धास्ती वाटते ती पाटीवरल्या पेन्सिलीची. ‘आमचें अंगण’ हा विषय दिला कीं मुलगा पाव तास नुसता पेन्सिल चावीत बसतो. शिक्षकानें त्या पाव तासांत तोंड मिटून राहावें, हें अध्यापनांतलें सर्वांत कठीण काम. मग तो लिहितो, ‘आमच्या अंगणांत विहीर आहे. तिच्यांत कासव आहे. आजी त्याला भात घालते.’ आतां कोरें पान उघडतांच ‘लिहून देऊं काय?’ म्हणून यंत्र पुढें होतें, आणि क्षणांत ‘अंगण हें भारतीय कुटुंबसंस्कृतीचें प्रतीक होय’ असें शुद्ध, गुळगुळीत वाक्य उमटतें. कासव गेलें, आजीचा भातही गेला. पुढें हाच मुलगा मोठा होऊन सांत्वनाचें पत्र लिहावयास बसेल तेव्हां तो पाव तास त्याच्या गांठीं असेल काय?

मायक्रोसॉफ्टनें पूर्वीं एकदां असाच एक सहायक ठेवला होता. १९९७ च्या ऑफिसमध्यें कागद अडकविण्याच्या क्लिपच्या आकाराचें एक चित्र पत्राचा मायना लिहितांच मदतीस धांवून येई. लोक इतके विटले कीं २००१ च्या आवृत्तींत तें आपोआप येण्याचें बंद केलें व २००७ च्या आवृत्तींतून काढूनच टाकलें. आजच्या संगणकावरील वर्डमध्येंही ‘फाइल’खालीं ‘ऑप्शन्स’ व त्यांत ‘कोपायलट’ अशी जागा असते. तेथील चौकोनांतली खूण काढली कीं हा कारकून त्या संगणकावरील वर्डपुरता झोपाळ्यावरून उठतो. ज्यांस हें जमणार नाहीं त्यांनीं नातवास सांगावें, आणि तो निबंधास बसण्यापूर्वीं सांगावें.