नोकरींतला खंड

नोकरीसाठीं आलेले अर्ज चाळण्याचें काम मीं कांहीं वर्षें केलें आहे. त्या कामांत डोळ्यांना एक संवय जडते. नांव, शिक्षण, अनुभव हें सारें वरवर वाचून नजर तारखांवर जाऊन ठेपते. एक नोकरी कोणत्या महिन्यांत सुटली आणि दुसरी कोणत्या महिन्यांत लागली, हें ती कोणी न सांगतां पडताळून पाहते. आणि मध्यें वर्ष-दीड वर्षाची रिकामी जागा दिसली, कीं कागद बाजूला पडतो. त्या वेळीं मला यांत विशेष निर्दयपणा वाटत नसे. पुढें आमचें कार्यालयच बंद झालें, मी अकरा महिने घरीं बसलों, आणि तेव्हां त्या बाजूला पडलेल्या कागदांची मला आठवण होऊं लागली.

श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें या रिकाम्या जागेविषयीं. नोकरी जाणें ही एक आपत्ति खरी. परंतु त्यानंतर जो काळ मध्यें लोटतो, तोच पुढल्या नोकरीच्या आड येऊं लागतो, ही त्याहून चमत्कारिक गोष्ट आहे. माणूस तोच, विद्या तीच. मग केवळ महिने गेल्यानें त्याची किंमत कां उतरावी?

या प्रश्नाचा छडा लावण्यासाठीं क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील शंभर शहरांत एक प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें तीन हजार रिकाम्या जागांसाठीं त्यांनीं सुमारें बारा हजार कल्पित अर्ज धाडले, आणि त्यांत बेकारीची मुदत कोठें एक महिना, कोठें वर्ष, कोठें त्याहूनहि अधिक, अशी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविली. मुदत वाढत गेली तसतशीं मालकांचीं बोलावणीं कमी होत गेलीं. ही उतरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती. त्यापुढें ती जवळजवळ थांबली. याहून बोधप्रद असा एक भाग त्यांत आहे. ज्या शहरांत बेकारी अधिक, तेथें या खंडाचा दोष कमी मानला जात होता.

याचें कारण आपल्या घरांतील उदाहरणानें सहज समजेल. एखाद्या मुलाला चार ठिकाणांहून नकार आल्याचें कळलें, कीं पांचव्या घरचे लोक मुलाला पाहण्याच्या आधींच साशंक होतात. त्यांना स्वतःला कांहीं खटकलेलें नसतें. पहिल्या चौघांना कांहीं तरी दिसलें असेल, एवढ्यावर त्यांचें मत बनतें. मालकाचेंहि तसेंच होतें. काम मुबलक असतां हा मनुष्य रिकामा राहिला, त्या अर्थीं इतरांनीं याला पारखून नाकारला असावा, असें तो समजतो. सगळीकडेच मंदी असेल तर त्याला तसें म्हणतां येत नाहीं. म्हणजे खंड हा ज्याला आपल्याविषयीं दुसरें कांहींच ठाऊक नाहीं, त्याच्यापुढें सर्वांत जड होतो. शेंकडों अर्जांच्या गठ्ठ्यांत आपला एक अर्ज टाकून उत्तराची वाट पाहात बसणें, हा खंड पडलेल्या माणसाला सर्वांत वाईट मार्ग होय. आणि आपण सारे प्रथम तोच धरतों.

मग चांगला मार्ग कोणता? मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानें मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील न्यूटन या शहरीं, ज्यांनीं नुकतीच नोकरी बदलली होती अशा सुशिक्षित पेशांतील लोकांची पाहणी केली. तिजवरील त्याचें पुस्तक १९७४ सालचें आहे. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीनें लागली होती. यांत नवल कांहीं नाहीं. वशिल्याची महती आपल्याकडे कोणास सांगावयास नको. नवल पुढेंच आहे. ज्याच्याकडून नोकरीची वार्ता कळली तो मनुष्य किती वेळां भेटत असे, असें विचारतां बहुतेकांनीं "क्वचित्" किंवा "अधूनमधून" असें उत्तर दिलें. नित्य भेटणारे थोडे निघाले. भाऊ, मेहुणा, जिवलग मित्र यांची कळकळ कितीहि असली, तरी ज्या जागा त्यांना ठाऊक त्या आपल्यालाहि ठाऊकच असतात. नवी बातमी येते ती दूरच्या परिचिताकडून.

आणि नोकरी सुटलेला मनुष्य तोंड चुकवितो तो नेमका या दूरच्या परिचितांना! सख्ख्या भावापासून कांहीं लपत नाहीं, परंतु लग्नमुंजींत भेटणारे, जुन्या कचेरींतले, वाचनालयांत नमस्कारापुरते ओळखीचे, यांच्या "काय, सध्यां कोठें?" या प्रश्नाची त्याला धास्ती वाटते. मीं स्वतः त्या अकरा महिन्यांत तीन लग्नें चुकविलीं आणि स्टेशनाकडे जाण्याचा रस्ता बदलला. अखेर नोकरीची बातमी ज्यानें आणली, तो कधीं काळीं सकाळच्या लोकलमध्यें माझ्या समोरच्या बांकावर बसणारा एक गृहस्थ होता. त्याचें आडनांवहि मला धड ठाऊक नव्हतें. एके दिवशीं फलाटावर त्यानें मला गांठलें तेव्हां लपावयास जागा नव्हती म्हणून मीं खरें सांगितलें. "अहो, मग इतके दिवस बोललां कां नाहींत?" असें तो म्हणाला. त्या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नव्हतें. पहिले आठ महिने हेच मोलाचे, हें वर सांगितलेंच आहे. मीं ते लपण्यांत घालविले होते.

लपण्याचा दुसरा परिणाम घरांत होतो. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गिरणीच्या गांवीं गिरणी बंद पडून जवळजवळ सारें गांव बेकार झालें, तेव्हां याहोडा, लाझार्सफेल्ड आणि झाइझेल यांनीं तेथील जीवनाचें बारकाईनें निरीक्षण केलें. तें १९३३ सालीं ग्रंथरूपानें निघालें. लोकांना आतां वेळच वेळ होता. तरी ग्रंथालयांतून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यानें चालतांना घडोघडीं थांबत; स्त्रिया मात्र झपाझप चालत, कारण त्यांच्यामागें घरचें काम होतेंच. "रिकामा आहे तोंवर इंग्रजी सुधारीन, हिशेबाचा अभ्यास करीन" हे संकल्प तडीस कां जात नाहींत, याचें उत्तर मला येथें सांपडलें. ज्या वेळेवर कोणाचा हक्क नाहीं, तो वेळ हातून निसटतो. ठराविक दिवशीं, ठराविक घटकेला, दुसरा कोणी आपली वाट पाहात आहे असें एखादें काम, मग तें बिनपगारी शिकवणीचें कां असेना, त्या काळांत औषधासारखें उपयोगी पडतें.

परंतु मिळेल तें तात्पुरतें काम धरावें काय? येथें मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास पाहण्याजोगा आहे. कोणी कामगार आजारी पडला किंवा गांवीं गेला, कीं त्याच्या जागीं त्या दिवसापुरता "बदली" घेत. सकाळीं गिरणीच्या दरवाजाशीं बदलीवाल्यांची गर्दी जमे, आणि कोणास आंत घ्यावयाचें हें जॉबरच्या मर्जीवर असे; ती मर्जी राखावयास दस्तुरी चारावी लागे. वर्षभर दाराशीं उभा राहिलेला मनुष्य आणि काल गांवाहून आलेला जॉबरचा भाचा, यांत भेद करणारें कागदोपत्रीं कांहींच नव्हतें. १९३५ सालीं बदली-नियंत्रणाची पद्धत सुरू झाली. महिन्याच्या आरंभीं ठराविक लोकांना कार्डें द्यावीं, त्यांनीं रोज सकाळीं हजेरी लावावी, आणि त्या दिवशींच्या जागा त्यांच्यांतूनच भराव्या, असा नियम झाला. नियम सर्वत्र पाळला गेला असें नाहीं, आणि कार्ड असूनहि कित्येकदां रिकाम्या हातीं परतावें लागेच. तरी वाट पाहणाऱ्याची कोठें तरी नोंद होऊं लागली. नुसत्या गर्दीची रांग झाली.

तात्पुरत्या कामाची परीक्षा मी आतां याच कसोटीनें करतों: येथें रांग आहे कीं नुसती गर्दी? डेट्रॉइट शहरांतील गरजू लोकांना काम मिळवून देण्याच्या योजनेचा अभ्यास ऑटर आणि हाउसमन यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केला. ज्यांना थेट मालकाकडे नोकरी मिळाली त्यांची पुढील कमाई वाढली. मजूर पुरविणाऱ्या कंत्राटदारामार्फत जे तात्पुरत्या कामाला लागले, त्यांची वाढली नाहीं. "आधीं पाय तर ठेवूं" हें म्हणणें ठीक. पण पाय कोठें ठेवतों आहों हें पाहिलें पाहिजे. या जागेवरून पूर्वीं कोणी कायम झाला आहे काय, एवढें आधीं विचारण्यांत कमीपणा नाहीं.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणें सांगावयास हवी. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत गिरणी-संप सुरू झाला तेव्हां सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते, आणि बदलीवाल्यांना कायम करावें हीहि त्यांची एक मागणी होती. त्यांतील असंख्य लोक गिरणींत पुन्हां गेलेच नाहींत. पुढें गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या. अशा खंडाला कोणत्याहि युक्तीचा इलाज नाहीं, आणि त्याचा दोष त्या कामगारांच्या उद्योगशीलतेवर टाकणें हा अन्याय आहे.

आतां अर्जांतील त्या रिकाम्या जागेचें काय करावें? माझ्या मतें ती एका ओळीनें भरावी. वर्षें पुढेंमागें ओढून तारखा जुळविण्याचा मोह अनेकांना होतो. तो उघडकीस आला, कीं खंडापेक्षां लबाडीच अधिक नडते. आपल्या सुशिक्षित घरांतील स्त्रिया तर मुलांच्या संगोपनांत गेलेल्या पांच-सात वर्षांविषयीं अर्जांत चकार शब्द लिहीत नाहींत, जणूं त्या काळांत त्या अस्तित्वांतच नव्हत्या. वास्तविक अशा खंडानंतर संशोधनाकडे परतणाऱ्या स्त्रियांसाठीं भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें २००२-०३ सालीं स्वतंत्र योजनाच काढली. म्हणजे सरकारनेंहि हा खंड नैसर्गिक मानला. अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत नोकरी नव्हती, कारण हें, त्या काळांत केलें तें हें, एवढें पुरे. क्षमायाचना नको, करुण कहाणीहि नको.

फलाटावरील त्या गृहस्थानें सांगितलेल्या जागेसाठीं मीं अर्ज केला, त्यांत ही ओळ घातली होती. मुलाखतींत तिच्यावर दोन प्रश्न आले. उरलेला अर्धा तास कामाविषयीं बोलण्यांत गेला.