मत मागायचे नाही!

गेल्या वर्षी दिवाळीआधीचा महिनाभर मी रोज संध्याकाळी हात जोडून घरोघर हिंडत होतो. रविवार कारंजा, भद्रकाली, पुढे पूल ओलांडून पंचवटी, असा माझा फेरा असे. बरोबर दोन मित्र आणि पिशवीत शंभर छापील पत्रके. पत्रकावर माझा तो फोटो, ज्याला आमच्या घरी ‘पासपोर्ट हरवलेला माणूस’ असे नाव पडले आहे. एका छोट्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीची निवडणूक होती. संस्थेचे नाव घेत नाही. सभासद जेमतेम तीनशे, शाळा एक. तरीही दोन पॅनेले होती, आणि त्यांतल्या एकात मी.

साठेक घरे झाल्यावर आमच्या जुन्या हेडमास्तरांकडे गेलो. वय पंच्याऐंशी, ऐकू जरा कमी येते. पत्रक त्यांनी भिंग लावून वाचले आणि विचारले, “शाळेत यंदा पाचवीला किती मुलं आहेत रे?”

मला आकडा सांगता आला नाही.

“नवीन मुख्याध्यापिका कशा आहेत?”

“चांगल्या आहेत, सर.”

“त्यांच्या वर्गावर बसलायस कधी?” मी गप्प. पत्रक घडी करून त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवले. “तू मागायला आलायस. विचारायला आला असतास तर मी तुला तासभर सांगितलं असतं.”

मी निवडून आलो. अकरा मतांनी. पुढच्या जूनमध्ये एक गृहस्थ नातवाला घेऊन दारात उभे राहिले. प्रवेशाची मुदत संपली होती. ते म्हणाले, “आम्ही मत दिलंय तुम्हाला.” त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. दुकानात पैसे दिल्यावर माणूस पुडी मागतो, तितक्याच सहजपणे ते आले होते. ती सहजता मला जास्त बोचली.

त्याच सुमारास माझी एका जेझुइट फादरांशी ओळख झाली. एम.ए.च्या वर्गाला मी थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ शिकवतो. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि ख्रिस्तकथेच्या अकरा हजारांच्या आसपास ओव्या त्याने रचल्या. 1616 साली त्या छापल्या गेल्या. ओवीच्या चालीबद्दल काही विचारायला फादर आले, चहाला बसले आणि गप्पा ओवीवरून निवडणुकीवर घसरल्या. मी माझी कहाणी सांगितली. फादर हसले. “सर, आमच्याकडे तुमचं मतही गेलं असतं आणि जागाही. मत मागणं हाच आमच्याकडे गुन्हा आहे.”

मला वाटे, कॅथलिक धर्मसंघ म्हणजे वरून हुकूम आणि खाली मान. ते अर्धे खरेही आहे. येशूसंघात प्रांताचा प्रमुख, म्हणजे प्रोव्हिन्शियल, निवडून येत नाही; रोमचा जनरल त्याला नेमतो. पण तो जनरल मात्र सभासदांनी निवडलेला असतो. जगभरच्या प्रांतांत सभा भरतात, तिथून प्रतिनिधी निवडले जातात आणि त्यांची महासभा जनरल निवडते. तोही जन्मभरासाठी, मात्र अलीकडे राजीनामा देण्याची वहिवाट पडली आहे. 2016 च्या ऑक्टोबरात दोनशेंहून अधिक मतदारांनी रोममध्ये व्हेनेझुएलाचे आर्तुरो सोसा यांना निवडले.

मतदानाआधीचे चार दिवस हा या पद्धतीचा गाभा. त्यांना लॅटिनमध्ये ‘मुर्मुरात्सिओ’ म्हणतात, म्हणजे कुजबुज. या चार दिवसांत प्रतिनिधींनी दोघादोघांनी भेटायचे. गट करायचा नाही, भाषण करायचे नाही, पत्रक काढायचे नाही. ‘मला अमुक हवा’ असेही म्हणायचे नाही. फक्त विचारायचे: तुम्ही अमक्याबरोबर काम केले आहे, तो माणूस कसा आहे? तब्येत कशी? रागावतो का? दुसऱ्याचे ऐकून घेतो का? ज्याला विचारले त्याने गुणही सांगायचे आणि दोषही. एखादा स्वतःसाठी खटपट करतो आहे असे कोणाला कळले, तर ते कळवणे त्याच्यावर बंधनकारक. खटपट शाबित झाली की त्या माणसाचा मत देण्याचा आणि मत घेण्याचा, दोन्ही हक्क जातात. संस्थापक इग्नेशियसने घटनेत आणखी एक कलम घातले आहे: निवड होईपर्यंत मतदारांना कोंडून ठेवावे आणि पाव व पाणी याखेरीज काही देऊ नये. हे ऐकून आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “तुमच्या मीटिंगांना हाच नियम लावा. दर वेळी बटाटेवडे कशाला?”

पहिली निवडणूक तर गोष्टीसारखीच आहे. संघाला पोपची मान्यता मिळाली 1540 साली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मोजके सोबती रोममध्ये जमले. बाहेरगावी गेलेल्यांपैकी फ्रान्सिस झेवियरने आपले मत लिहून, मोहरबंद करून मागे ठेवले होते. ते पाकीट रोममध्ये उघडले गेले, त्याच्या आदल्याच दिवशी, 7 एप्रिल 1541 रोजी, हा मतदार लिस्बनहून हिंदुस्थानच्या जहाजात बसला होता. वर्षभराने तो गोव्याला उतरला. गोव्याला गेलेल्या बहुतेक वाचकांनी बॉम जीझस चर्चमध्ये त्याची पेटी पाहिली असेल.

मते मोजली तर सगळी इग्नेशियसला. त्याचे स्वतःचे मत मात्र वेगळे होते. त्याने कोणाचेच नाव लिहिले नव्हते. मला सोडून ज्याला सर्वांत जास्त मते पडतील त्याला माझे मत, एवढाच त्याचा आशय. निकाल ऐकून तो म्हणाला, मी नालायक आहे, पुन्हा विचार करा. चार दिवसांनी पुन्हा मतदान झाले आणि निकाल तोच आला. मग तो तीन दिवस आपल्या पापनिवेदनाच्या गुरूपुढे जाऊन बसला, आयुष्यभराच्या चुका सांगितल्या आणि विचारले, आता सांगा, मी हे पद घ्यावे का? गुरूने घे म्हटल्यावरच त्याने ते घेतले.

यात नाटक नसेलच असे नाही. नको नको म्हणत खुर्चीवर बसणारे आपणही पाहिले आहेत. पण पाचशे वर्षे तोच नियम पाळला जातो, तेव्हा त्याला नुसते नाटक म्हणणे अवघड होते. शिवाय जनरल होऊन मिळते काय? पगार नाही, घर नाही, मागे मुलाबाळांना ठेवायला काही नाही. दारिद्र्याचे व्रत त्यालाही चुकत नाही.

धर्मसंघांतली ही मतदानाची रीत त्याहून जुनी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने नियम घातला की, मठात महत्त्वाचा प्रश्न आला तर सगळ्यांना बोलवावे, अगदी नव्या पोरसवद्या साधूलाही, कारण पुष्कळदा योग्य गोष्ट धाकट्यालाच सुचते. मात्र ऐकून घेतल्यावर निर्णय मठाधिपतीचा. जोगिणींच्या मठांतही मध्ययुगापासून प्रमुख निवडून देण्याची चाल आहे. आपल्या मुंबई इलाख्यात कायदेमंडळासाठी बायकांना मताचा हक्क मिळाला तो 1921 साली. आपल्या मुली ज्या ‘कॉन्व्हेंट’मध्ये जातात तिथल्या सिस्टर आपल्या संघाची प्रमुख मतदानाने निवडतात, हे आपल्यापैकी किती पालकांना ठाऊक आहे?

हे सगळे परके वाटत असेल, तर आपल्या पुण्याकडे पाहा. टिळक-आगरकरांच्या डोळ्यांपुढे आदर्श होता तो या जेझुइटांच्याच स्वार्थत्यागाचा. 1880 च्या पहिल्या तारखेला न्यू इंग्लिश स्कूल निघाले. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. शिकवणाऱ्यांनी आजीव सदस्य व्हायचे, वीस वर्षे द्यायची, महिना पंचाहत्तर रुपयांवर भागवायचे आणि संस्था चालवायचीही त्यांनीच. देणगीदारांचे प्रतिनिधी वरच्या कौन्सिलात, पण रोजचा कारभार वर्गात खडू धरणाऱ्यांच्या हाती. या मंडळींनी जेझुइटांकडून त्याग घेतला, आज्ञापालन मात्र घेतले नाही. इथे जनरल नव्हता. प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येकाचे एक डोके. त्यातून भांडणे झाली, तीही कडाक्याची. आजीव सदस्याने सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरची कामे आणि मिळकत नको, हा टिळकांचा आग्रह. 1890 साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले आणि ठिणगी पडली. वर्षअखेरीस टिळकांनी लांबलचक पत्र लिहून राजीनामा दिला.

शाळेत हा प्रसंग आपण दोन थोरांचे भांडण म्हणून शिकतो. मला आता त्यात दुसरेच दिसते. प्रश्न होता तो, सभासदाने काय पणाला लावायचे, हा. गोखल्यांनीही आपली वर्षे पुरी करून 1902 साली निरोप घेतला. धोंडो केशव कर्वे 1891 साली टिळकांच्या रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर आले आणि 1914 पर्यंत शिकवत राहिले. नाशिकला एच.पी.टी. कॉलेज 1924 साली निघाले, ते काढणाऱ्या संस्थेला गोखल्यांचेच नाव आहे.

दुसरी वाटही नाशिकच्या मातीतच आहे. 1914 साली स्थापन झालेली मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था. बहुजन समाजाच्या पोरांना शिकवायचे तर सारा समाजच सभासद हवा, ही तिची दृष्टी. आज सभासद सुमारे दहा हजार. ऑगस्ट 2022 मध्ये ‘प्रगती’ आणि ‘परिवर्तन’ अशी दोन पॅनेले उभी राहिली, तालुक्यातालुक्यांत मतदान झाले आणि सत्ता पालटली. दहा हजार माणसांनी कुजबुजत जोडीजोडीने फिरावे असे कोण म्हणेल? तिथे सभा हव्यात, पत्रके हवीत आणि हिशेब मागणारा विरोधी पक्षही हवा. चार दिवसांच्या बंद खोलीत विरोधी पक्ष असत नाही, हे फादरांनीही कबूल केले. “आमच्याकडे चुकीचा माणूस आला, तर तो पुष्कळ दिवस राहतो,” ते म्हणाले.

पण आमची संस्था तीनशेंची. यंदा एक जागा रिकामी झाली. सभेत मी सुचवले, मतदानाआधी चार दिवस कोणी कोणाकडे मत मागायला जाऊ नये, फक्त उमेदवारांविषयी चौकशी करावी. हशा पिकला. एकाने विचारले, “सर, मग पाव-पाणी कोण देणार?” कायद्याच्या जाणकारांनी धर्मादाय आयुक्त आणि चेंज रिपोर्टची आठवण करून दिली. सूचना उपसमितीकडे गेली. म्हणजे कुठे गेली, ते वाचकांना सांगायला नको.

दुसऱ्या पॅनेलमधल्या एका बाईंना मात्र ती पटली. गेल्या वर्षी त्या माझ्याविरुद्ध हिरिरीने फिरल्या होत्या. आम्ही दोघांनी आपल्यापुरते ठरवले, एकेका सभासदाकडे जायचे आणि रिकाम्या जागेवर उभ्या असलेल्या दोघांविषयी नुसते विचारायचे.

मी पहिल्यांदा हेडमास्तरांकडे गेलो. पिशवी नव्हती. पाचवीचा आकडा या खेपेला पाठ होता: त्रेचाळीस. पण त्यांनी तो विचारलाच नाही. मी म्हटले, “सर, हे दोघे तुमच्या हाताखाली होते. कसे आहेत?”

त्यांनी कानाचे यंत्र नीट बसवले आणि आत हाक मारली, “अगं, दोन अनारसे आण. हा बसणार आहे.”