महाराष्ट्रातील ग्रामीण प्राथमिक शाळांची गुणवत्ता

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील बहुसंख्य सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आहेत. या शाळांत शिकणाऱ्या मुलांनी वाचन, लेखन आणि गणित यांत इयत्तेला साजेशी क्षमता कितपत मिळवली आहे, याचा विचार 'शाळांची गुणवत्ता' या नावाने केला जातो. इमारत, पटसंख्या, शिक्षकांची संख्या यांचा तिच्याशी संबंध आहे. परंतु त्या गोष्टी म्हणजे गुणवत्ता नव्हे.

प्रशासन

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ नुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. जिल्ह्यात शिक्षणाधिकारी, तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, त्याखाली विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख अशी उतरंड आहे. वर्गात प्रत्यक्ष डोकावणारा अधिकारी बहुधा केंद्रप्रमुखच असतो. ते पद रिक्त राहिले की एखाद्या शिक्षकाकडे अथवा मुख्याध्यापकाकडे त्याचा कार्यभार जातो आणि मूळ शाळेतील वर्ग तेवढा मागे पडतो.

मोजमाप

गुणवत्ता मोजण्याच्या दोन पद्धती विशेष परिचित आहेत. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे 'असर' सर्वेक्षण शाळेत नव्हे, तर घरोघरी जाऊन होते. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातून ३० गावे आणि प्रत्येक गावातून २० घरे निवडली जातात. मुलाला एकेकटे बसवून अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास देतात. गणितात हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे इथपर्यंतच विचारले जाते. ही चाचणी अगदी किमान पायरीची आहे, आणि तेथेच मुले अडखळतात हे तिचे गांभीर्य आहे. 'असर'नुसार देशभरातील ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. करोनाकाळानंतर २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाले.

दुसरी पद्धत केंद्र शासनाच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाची. ती निवडक शाळांत, ठरलेल्या दिवशी, वर्गात हजर असलेल्या मुलांची घेतली जाते आणि त्या त्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती तपासते. त्यामुळे एकाच राज्याचे दोन आकडे जुळत नाहीत. ते शेजारी मांडून एकाला खोटे ठरवण्याची सवय वृत्तपत्रांना आहे. वास्तविक दोहोंचे प्रश्नच निराळे आहेत.

यांपैकी कोणतेही सर्वेक्षण एका विशिष्ट शाळेबद्दल निवाडा देत नाही. वाडीवस्तीवरच्या शाळेत तिसरीत चारच मुले असतील, तर एका मुलाच्या यशापयशाने निकाल २५ टक्क्यांनी वरखाली होतो. अशा शाळांची शेकडेवारीने क्रमवारी लावणे हा गणिताचाच गैरवापर होय.

कारणे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. पहिली ते चौथीच्या शाळेत याचा अर्थ एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असा होतो. त्यातला एक जण बैठकीस, प्रशिक्षणास किंवा निवडणुकीच्या कामास गेला की चारही इयत्ता उरलेल्याच्या पदरी पडतात. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे शिक्षकांना देण्यास कायद्याचीच मुभा आहे; ऑनलाइन माहिती भरण्याचे काम मात्र त्या यादीत नसूनही वर्षभर चालते.

दुसरे कारण स्थलांतराचे. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे मूल पटावर असते, पण शिकण्याचे ऐन महिने पालावर जातात. यासाठी गावातच हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आजी-आजोबा अथवा नातलग मुलाला ठेवून घेण्यास तयार असतील आणि वसतिगृह वेळेवर सुरू झाले, तर तिचा उपयोग चांगला होतो. कोयता उचलल्यानंतर महिन्याने मिळालेल्या मंजुरीने मूल थांबत नाही.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारमध्ये भिलीची विविध रूपे बोलणारी मुले पहिलीत येतात तेव्हा पाठ्यपुस्तकाची मराठी त्यांना परकी असते. अशा मुलाचे मौन म्हणजे मंदबुद्धी नव्हे. त्याला प्रश्नच कळलेला नसतो.

सुधारणेचे प्रयत्न

२०१५ मध्ये राज्य शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू केला. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने झालेले काम त्यापूर्वीच गाजले होते आणि राज्यभरातील शिक्षक ते पाहण्यास जात. अनेक ठिकाणी मात्र फरशीवर रंगवलेल्या आकृत्या तेवढ्या उचलल्या गेल्या. मुलांना स्वतः शोधू देण्याचा धीर मागेच राहिला. २०२१ मध्ये केंद्राचे 'निपुण भारत' अभियान आले. तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. अशी उदाहरणे अभिमानास्पद असली, तरी त्यांवरून शेजारच्या शाळेची स्थिती कळत नाही.

कमी पटाच्या शाळा

२०२३ च्या सुमारास राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा सुमारे १५ हजार होत्या. त्या एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला आणि त्यास पालक व शिक्षक संघटनांनी विरोध केला. एकत्रीकरणाने प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळू शकतो, हा युक्तिवाद खरा आहे. परंतु राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी लागते, आणि सह्याद्रीच्या घाटवस्त्यांत पावसाळ्यात ओढा भरला की वाहनाची सोय कागदावरच राहते. सर्वप्रथम शाळा सुटते ती मुलींची.