घाटमाथ्यावरचा विषाणू

महाडहून निघून पोलादपूर ओलांडले आणि आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर लागते. तेथील एका गुहेत मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपा विषाणूची प्रतिपिंडे आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. ही वटवाघळांना संसर्ग झाल्याची खूण होती, माणसांतील साथीची नव्हे. घाटाखालच्या गावांनी धास्तावण्यापेक्षा विषाणू म्हणजे काय, हे समजून घेणे अधिक हिताचे.

विषाणूला स्वतःची पेशी नसते. आरएनएचा एक धागा, त्याभोवती प्रथिने आणि वर मेदयुक्त आवरण, एवढाच निपाचा संसार. पेशीबाहेर तो जड कणासारखा निष्क्रिय असतो. आत शिरला की तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती करवून घेतो. म्हणूनच जिवाणूंवरील प्रतिजैविके त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. मात्र ज्या आवरणाच्या बळावर तो पेशीत शिरतो, तेच आवरण साधा साबण विस्कटून टाकतो.

तेव्हा गुहा बुजविणे वा वटवाघळे मारणे हा उपाय नव्हे. वटवाघळांनी उष्टावलेली फळे टाळावीत, हात धुवावेत, आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतील हे ज्ञान पोलादपूरच्या शाळांपर्यंत उतरावे, यातच शहाणपण आहे.